दोन पिशव्या

गणपती यायच्या चार दिवस आधीची संध्याकाळ. मेडिकलच्या दुकानात गर्दी होती. माझ्या पुढे चाळिशीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. हातातल्या पिशवीतून कापसाची वस्त्रं डोकावत होती आणि त्यांना खेटून शाळेच्या गणवेशातली त्यांची मुलगी उभी होती, आठवी-नववीतली असेल. बाईंनी जराही न अडखळता सांगितलं, "पुढं ढकलायची गोळी द्या." काय पुढं ढकलायचं, हे दुकानदारानं विचारलं नाही. गणपतीच्या तोंडावर ते विचारावं लागत नाही. त्यानं मागे न बघताच हात नेला आणि पाकीट काढून ठेवलं.

मुलगी काउंटरच्या काचेवर कपाळ टेकून उभी होती. एक मूठ ओटीपोटात रुतवलेली, ओठ पांढरे पडलेले. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "हिला बरं नाही का?"

"काही नाही हो, हिचं दर महिन्याचंच आहे. पहिल्या दिवशी असंच करते. होईल कमी."

पैसे देऊन दोघी गेल्या. 'असंच करते' हे शब्द मात्र माझ्याजवळ राहिले. 'दुखतं' नव्हे, 'करते'.

त्या बाईंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या आईनं त्यांना हेच सांगितलं असणार, माझ्या आईनं मला सांगितलं तसंच. पण त्या दुकानातल्या दोन मिनिटांत आपल्या घराघरातलं एक तर्कट उघडं पडलं. देवाच्या वेळापत्रकासाठी संप्रेरकाची गोळी डॉक्टरला न विचारता चालते. वास्तविक ही गोळी सगळ्यांना चालणारी नव्हे. पूर्वी रक्तात गुठळी झालेली असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर ती घेऊच नये. तरी ती बिनधास्त घेतली जाते. आणि कळवळणाऱ्या मुलीला साधी वेदनाशामक गोळी द्यायची म्हटलं, की लगेच 'सवय लागेल', 'पुढं मूल व्हायला अडचण येईल'. पाळीची तारीख हलवता येते, तिची कळ मात्र सोसायची असते.

आपली भाषाही या कामी आपल्याला साथ देते. ओटी हा आपल्याकडे केवढ्या मानाचा शब्द. खण, नारळ, तांदूळ घालून ती भरायची. त्या ओटीच्या मागे जे पोट आहे त्याच्या दुखण्याला मात्र घरात नाव नाही. 'अडचण आहे', 'बाहेरची आहे', 'कावळा शिवला', 'डेट आली' हे सगळे शब्द ती कुठं बसली, काय शिवली, तारीख कोणती याबद्दलचे. तिला काय होतंय याबद्दलचा शब्द त्यात एकही नाही. तो शब्द नव्हताच असंही नाही. चरकसंहितेत 'उदावर्तिनी' म्हणून एक विकार सांगितला आहे. पाळीच्या वेळी कळा येतात आणि रक्त वाहू लागलं की बाईला आराम पडतो, असं त्याचं वर्णन. वैद्यांनी हे पाहिलं, नोंदवलं. माजघरापर्यंत ते पोचलं नाही.

तेव्हा आधी, मुलगी 'असंच' का 'करते' ते पाहू.

दर महिन्याला गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पडतं. गळताना त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्या हुकमानं गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि अस्तर बाहेर लोटतो. ही रसायनं जास्त प्रमाणात सुटली, की स्नायू एवढ्या जोरानं आवळतो की त्याच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तावाचून राबणारा स्नायू दुखणारच. रात्री झोपेत पोटरीत गोळा आला की धट्टाकट्टा पुरुष ताडकन उठून बसतो आणि अर्धं घर जागं करतो. तसाच गोळा ओटीपोटात येतो, थांबून थांबून येत राहतो, आणि कंबरेतून मांड्यांपर्यंत उतरतो. हीच रसायनं आतड्यांनाही आवळायला लावतात. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी कुणाला जुलाब होतात, कुणाला मळमळतं, कुणाचं डोकं धरतं. पोट दुखतंय म्हणणारी मुलगी उलटीही काढते, तेव्हा ते 'नाटक' नसतं. सूत्रधार एकच असतो.

आणखी एक गोष्ट आयांना गोंधळात टाकते. पाळी सुरू झाली तेव्हा पहिले काही महिने हिला काही त्रास नव्हता, मग आता हे नखरे कुठून आले? त्याचंही उत्तर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बीजकोशातून बीज नियमित सुटत नसतं. सहा महिने ते वर्ष-दोन वर्षांत ते सुटू लागलं, की खरं दुखणं सुरू होतं. म्हणजे मुलगी बिघडलेली नसते, तिचं शरीर वेळापत्रकाला लागलेलं असतं.

ॲस्पिरिनच्या कुळातल्या गोळ्या ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्याला आणि प्रोस्टाग्लँडिनवरच काम करणाऱ्या दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना मिळून दिलं गेलं. दुखण्याचं कारण आणि त्यावरचा तोडगा कळून पन्नास वर्षं उलटून गेली. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी त्याच कुळातली. काही रुपयांत मिळणारी.

पण ही गोळी कशी घ्यायची, हे कुणी धड सांगत नाही. आपल्याकडे ती सर्वांत शेवटी घेतात. आधी ओव्याचं पाणी, मग पालथं पडून राहणं, मग रडणं, आणि दुपारी चारला अगदीच असह्य झालं की गोळी. मग 'गोळीनंही काही होत नाही'. कसं होणार? ही गोळी रसायन बनायचं थांबवते. बनून गेलेलं परत घेत नाही. दूध उतू गेल्यावर गॅस बंद केला म्हणून ओटा पुसला जात नाही. पाळीची चाहूल लागताच, पहिली बारीक कळ आली की लगेच, काहीतरी खाऊन गोळी घ्यायची आणि पहिले दीड-दोन दिवस डॉक्टरनं सांगितलेल्या मात्रेत, ठरावीक अंतरानं घेत राहायची. महिन्यातले दोन-तीन दिवस अशी घेतल्यानं सवय लागत नाही, वांझपण येत नाही. पोटात व्रण आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, दमा आहे, तिनं मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि संकष्टीच्या कडक उपासात, रिकाम्या पोटी तर कुणीच घेऊ नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. या औषधानं क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं अशी तिची लक्षणं. इशारा योग्य होता आणि त्याचा अर्थ साधा होता: असं काही दिसलं तर गोळी थांबवा, डॉक्टरकडे जा. मोबाइलवर फिरत फिरत तो 'ही गोळी घेऊच नका' असा झाला, आणि सोसण्याच्या परंपरेला आयताच एक वैज्ञानिक दाखला मिळाला.

गोळी नको असेल तर शेक घ्या. आजीचा हा उपाय विज्ञानानंही मान्य केला आहे. २००१ मध्ये अमेरिकेत पोटावर बांधायचा ऊबदार पट्टा आणि आयबुप्रोफेन यांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा पट्टा गोळीच्या तोडीस तोड ठरला. अट एकच: ऊब सतत मिळाली पाहिजे, दहा मिनिटांची नव्हे. नियमित व्यायामानंही बऱ्याच जणींचं दुखणं उतरतं. आठवड्यातून तीनदा, पाऊण-एक तास, घाम येईल असा किंवा योगासनांसारखा सावकाशही. आणि हे सगळं करून भागलं नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञ संप्रेरकांच्या गोळ्या देतात. त्यांनी अस्तर पातळ राहतं, रसायन कमी सुटतं, कळ कमी होते. पण याच गोळ्यांना 'कुटुंबनियोजनाच्या' म्हणतात ना! लग्नाआधी मुलीच्या दप्तरात ती गोळी? विषय तिथंच संपतो. गणपतीसाठी घेतलेली गोळीही संप्रेरकाचीच होती, हे आठवत नाही.

इथवर झालं ते साध्या दुखण्याचं. सगळंच दुखणं साधं नसतं. गोळी वेळेवर घेऊनही थांबत नाही, दर वर्षी वाढतच जातं, पाळी संपली तरी राहतं, शौचाला किंवा लघवीला बसताना कळ मारते, संबंधाच्या वेळी दुखतं, अंगावरून प्रमाणाबाहेर जातं, अशा दुखण्यामागे दुसरं काही असू शकतं. गाठी असतील, जंतुसंसर्ग असेल, गर्भाशयाच्या अस्तराचं ऊतक स्नायूतच शिरलं असेल, किंवा ते गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोशावर, आतड्यावर रुजलं असेल. या शेवटच्याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या साधारण दहा टक्के, म्हणजे जगभरातल्या सुमारे १९ कोटी बायका-मुलींना तो आहे. निदान व्हायला अनेकींना वर्षानुवर्षं लागतात, कारण सुरुवातीच्या सोनोग्राफीत तो बरेचदा दिसतच नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' याचं घरात 'तुला काही झालेलं नाही' असं भाषांतर होतं. एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असते, जिला पाळी अजून आलेली नाही पण दर महिन्याला पोट मात्र दुखतं. तिची पाळी आत सुरू झालेली असू शकते, बाहेरची वाट बंद असते. छोट्या शस्त्रक्रियेनं ती बहुधा मोकळी होते. पण त्यासाठी 'दर महिन्याला' हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. आणि पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात अचानक जबर कळ उठली, तर शेकत बसू नये. ते नळीतलं गर्भारपण असू शकतं. थेट दवाखाना गाठावा.

आता सोसण्याच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ.

मराठी बायकांच्या तोंडी दोन पिशव्या आहेत. एक रबराची, गरम पाणी भरायची. दुसरी नुसती 'पिशवी', म्हणजे गर्भाशय. 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी खराब झाली', 'पिशवी काढली'. बीड जिल्ह्यात हे शेवटचं वाक्य 'दात काढला' इतक्या सहज म्हटलं जातं. २०१९ मध्ये विधिमंडळात तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी आकडा दिला: तीन वर्षांत त्या एका जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. त्यांतल्या कित्येकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

या बायका वेड्या नव्हत्या. त्यांचा हिशेब समजून घ्यायला हवा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढायचं. कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. एक दिवस दांडी झाली की खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांच्या घरात. अशा फडात दर महिन्याला दोन दिवस ओटीपोट दुखतं, घाणीमुळे जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं. बाई डॉक्टरकडे जाते. तो म्हणतो, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुलं झालेली असतात. उचल घेऊन ऑपरेशन, ऑपरेशनची उचल फेडायला पुन्हा फड. महिन्याचे खाडे वाचतात. आधी तिला सगळे 'सोस' म्हणत होते, आता कुणीतरी 'काढून टाक' म्हणालं. तिला या दोनच वाटा दाखवल्या गेल्या.

त्या दोन वाटांच्या मध्ये केवढं तरी वैद्यक आहे. संसर्ग असेल तर तो औषधानं बरा होतो. गाठ लहान असेल तर तिच्यावर नुसती नजर ठेवता येते. कळेवर काय करायचं ते वर आलंच. काही जणींना गर्भाशय काढावं लागतं हेही खरं. पण तो शेवटचा उपाय. त्याच्यासोबत बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईला एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होत जातात, हृदयविकाराचा धोका वाढतो. दुखणं गर्भाशयाबाहेर रुजलेल्या ऊतकाचं असेल, तर पिशवी जाते आणि दुखणं उरतं. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चांगलं झालं. पण या सूचना बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्यानंतर कामाला येतात. तिची वाट त्याआधी वीसेक वर्षं सुरू झालेली असते, कुठल्यातरी काउंटरवर, 'होईल कमी' या शब्दांपाशी.

सरकार पाळीकडे बघतच नाही, असं म्हणता येणार नाही. ८ मार्च २०१८ ला राज्यात 'अस्मिता' योजना आली: शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. पॅडवर हिंदी सिनेमा निघाला, शाळांतून यंत्रं बसली. हे सगळं हवंच होतं. पण नीट पाहिलं तर हे सगळं डागासाठी आहे. डाग दिसतो, डागाची लाज वाटते, डाग पुसणारी वस्तू विकता येते, वाटता येते, वाटतानाचा फोटो काढता येतो. कळेचा फोटो निघत नाही. पॅडच्या जाहिरातीतली मुलगी पांढरी पँट घालून उड्या मारते. तिचं पोट दुखत असेल, ही शंका जाहिरात लिहिणाऱ्याला आली नाही आणि योजना लिहिणाऱ्यालाही नाही.

मग येतो रजेचा वाद. बिहारनं १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली आहे. कर्नाटकनं २०२५ मध्ये महिन्याला एक भरपगारी दिवस देण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालय जुलै २०२४ मध्ये म्हणालं, धोरण ठरवणं सरकारचं काम, आणि रजा सक्तीची केली तर बायकांना कामावर घ्यायलाच लोक कचरतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की जिला हजेरीपट आहे तिच्याच कामाला रजा येते. फडातल्या बाईच्या रजेचं नाव खाडा. आणि उपचाराविना दिलेली रजा म्हणजे घरी पडून सोसायची परवानगी. रजा जरूर द्या. पण त्या दिवशी ती कुठल्या दवाखान्यात गेली, हेही कुणीतरी विचारा.

विचारायच्या जागा नाहीत असंही नाही. किशोरवयीन मुलामुलींसाठी राज्यात सरकारी 'मैत्री' क्लिनिक आहेत. गावागावांत आशाताई आहे, ती पॅड घेऊन घरोघर जातेच. तिच्या पेटीत आयबुप्रोफेनची पाकिटं आणि तोंडी तीन प्रश्न द्यायला मोठी योजना लागत नाही, तिच्या मानधनात त्या कामाची भर पडली म्हणजे झालं. कुठं दुखतं? कधीपासून, किती दिवस? गोळीनं थांबतं का? पहिल्या दोन उत्तरांवरून दुखण्याची जात बरीचशी कळते. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, की पुढच्या डॉक्टरची चिठ्ठी. शाळेतही तेच करता येईल. पी.टी.च्या तासाला सावलीत बसलेल्या मुलीला 'काय नाटक चाललंय' म्हणण्याऐवजी हेच तीन प्रश्न विचारता येतील. मुलांच्या देखत विचारता आले तर फारच उत्तम. उद्या त्यांच्याही घरात कुणाचं तरी ओटीपोट दुखणार आहे आणि परवा त्यांच्यातला कुणी मुकादम होणार आहे.

त्या संध्याकाळी मायलेकी गेल्यावर माझा नंबर आला. दुकानदार आपणहून बोलला, "मी गोळी दिली असती हो. पण त्यांनी मागितलीच नाही."

मलाही तेव्हा सुचलं नव्हतं. काउंटरवर, माझ्या कोपराशी, गरम पाण्याच्या लाल पिशव्या दोरीला टांगलेल्या होत्या, वर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. दोनशे वीस रुपये. ती दुसरी पिशवी वाचवायला ही पुरेशी नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिथून होऊ शकली असती, आणि आम्ही तिघंही मोठी माणसं त्या मुलीच्या डोक्यावरून गणपतीच्या गर्दीबद्दल बोलत राहिलो.